नव्या कॅमेऱ्यातून उडवलेला पहिला फोटो

मित्रांनो, वीस वर्षं रोलवर काढली. गेल्या आठवड्यात पहिला डिजिटल घेतला आणि आज लातुरात एका क्लासच्या जाहिरातीसाठी गुणवंतांचा ग्रुप फोटो काढायला गेलो.

रोलवर काय आलंय ते धुतल्याशिवाय कुणालाच कळायचं नाही. आज क्लासच्या सरांनी तिथंच कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक चेहरा मोठा करून पाहिला. कडेच्या मुलीवर थांबले.

"हिला कुणी उभं केलं? मेडिकलला नंबर न्हाई लागला हिचा."

सगळ्यांसमोर तिच्या गळ्यातला हार काढून घेतला. मला म्हणाले, "हा फोटो उडवा."

मी तिच्या डोळ्यांदेखत बटण दाबलं.

तिला वगळून दुसरा काढला. निघालो तर जिन्यात तिचे वडील आडवे आले. अहमदपूरहून एसटीनं आलेले, नवा सदरा घातलेले.

"भाऊ, पहिला फोटू आमाला द्या की. हिच्या मायला दावतो."

"उडवला, काका."

"आत्ताच काढलाव की! धुऊन तर बघा, निघंल."

मुलगी खाली बघत म्हणाली, "बाबा, चला ना."

सांगितलं सरांनी, पण बोट माझं होतं. तुमच्यापैकी किती जणांनी दाबलं नसतं? खरं सांगा.