चार इंजेक्टर आणि दौलताबादचा घाट

पडेगावच्या आमच्या पार्किंगमध्ये रविवारी तीन माणसं आणि एक जुनी गाडी जमली, की सोमवारी सांगायला किस्सा तयार असतो. तिघं म्हणजे मी, शेजारचे सलीमभाई आणि रसायनशास्त्राचे निवृत्त मास्तर जाधव सर. गाडी माझी. दौलताबादच्या घाटात ती दर वेळी एकाच वळणावर बंद पडायची. आम्ही उतरून तिला कडेला ढकलायचो.

मेकॅनिक म्हणाला, "इंजेक्टर बदला, नाहीतर भंगारात द्या." इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारे ते चार इंजेक्टर नवे घेणं परवडणारं नव्हतं. पण माझी बायको मंगल याच गाडीवर शिकलेली, आणि तिला एकदा तरी स्वतः चालवत माहेरी, देवगाव रंगारीला जायचं होतं. म्हटलं, घरीच साफ करू.

*

पहिल्याच रविवारी आईनं शुभकार्य म्हणून गाडीला उदबत्ती लावली. आम्ही नुकतीच पेट्रोलची नळी सोडवलेली! जाधव सर अख्ख्या नोकरीत पळाले नसतील एवढे पळाले. सलीमभाईंनी मात्र उदबत्ती अलगद उचलली आणि गेटबाहेर खोचून आले.

"अम्मा, दुआ दूर से भी लगती."

*

सामान म्हणजे क्लीनरचा स्प्रे, इंजेक्टरचं तोंड उघडायला नऊ व्होल्टची बॅटरी आणि क्लीनर आत ढकलायला सिरिंज. मेडिकलवाल्यानं विचारलं, "पेशंट कोण?"

सर म्हणाले, "चौघं आहेत. सगळ्यांचं दुखणं एकच, कचरा."

*

चहाच्या चार ग्लासांत फवारा तपासला. तीन झकास, चौथ्यातून नुसती धार. सलीमभाईंनी सुई काढली, तशी मंगल धावत आली.

"सुई नाय घालायची! आमच्या शेतात ठिबकची भोकं अशीच बुजतेत. सुई घातली की भोक मोठं होतं. भिजत ठेवा."

रात्रभर भिजवला. सकाळी असा बारीक फवारा उडाला की सर बघतच राहिले. मला तर बायकोचा लई अभिमान वाटला. ते ग्लास मात्र आईनं परत घरात घेतले नाहीत.

*

पुढच्या रविवारी मंगल स्टिअरिंगवर, आम्ही तिघं गाडीत. घाटातलं ते वळण आलं आणि गाडी थांबली.

मला तिच्या तोंडाकडं बघवेना. माना खाली घालून आम्ही उतरलो, मागं गेलो, डिकीला हात लावले. सर म्हणाले, "एक, दोन..."

गाडी आमच्या हातांखालून निघाली ती थेट घाटमाथ्यावर जाऊन थांबली. आम्ही धापा टाकत वर पोचलो, तेव्हा मंगल बोनेटला टेकून उभी होती.

"शेळ्या आडव्या आल्या म्हणून थांबले व्हते," ती म्हणाली. "तुम्ही तिघं कामून उतरलात?"