खिडकीतून आलेलं बोट

त्या उन्हाळ्यात माझ्या शाळेत एकही मूल नव्हतं, तरी मी रोज सकाळी आठला हजेरी घेत होतो.

कोरोनाची दुसरी लाट भरात होती. दुकानं सकाळी सात ते अकरा, त्यानंतर रस्त्यावर दिसला की पोलिसाची काठी. जिल्ह्याच्या हद्दी बंद, लग्नाला पंचवीस माणसं, मातीला वीस. नियम मोबाईलवर यायचे आणि आधीचा कळेपर्यंत त्याच्या जागी नवा आलेला असायचा. बाहेरून आलेल्याला गावात थेट घेऊ नये, चौदा दिवस शाळेत ठेवावं, हा त्यातलाच एक. नेकनूरपासून आत असलेल्या त्या गावात जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा होती आणि मी तिचा मास्तर. पोरं घरी आहेत म्हणजे मास्तर रिकामा आहे, असा सरळ हिशोब करून विलगीकरण कक्षाचा कारभार माझ्या गळ्यात मारला होता. मी पत्र वाचून दिवसभर धुसफुसत राहिलो आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने हजर झालो.

कारखान्यांचा हंगाम संपला आणि ऊसतोडीला गेलेली आमच्या गावची टोळी परतली. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. असे दहा कोयते आणि एक अर्धा. अर्धा म्हणजे एकटी विधवा बाई, साठीला टेकलेली. लेक लांब दिलेली, घरी दुसरं कुणी नाही. बायका पहिली-दुसरीच्या खोलीत, पुरुष तिसरी-चौथीच्या. बायकांच्या भिंतीवर अननसापासून ज्ञानापर्यंत सगळी मुळाक्षरं रंगवलेली होती आणि त्यांच्याखाली अकरा गोधड्या पडल्या.

पहिल्याच दिवशी मी व्हरांड्यात उभा राहून, पोरांना दम देतो त्या आवाजात सांगितलं, "कुणाला ताप निघाला किंवा ऑक्सिजन कमी आला, तर त्याला बीडला नेतील. आणि खोलीतल्या सगळ्यांचे चौदा दिवस पुन्हा एकपासून मोजायचे." नियम तसाच होता. पण तो सांगताना मला जरा बरंही वाटलं, हे लपवून काय उपयोग. आवाजाला धार आली की भीती झाकली जाते.

भीती मला भरपूर होती. नेकनूरला भाड्याच्या खोलीत माझे दम्याचे वडील होते. पायरी चढली तरी त्यांच्या छातीतून आवाज यायचा. मी घरी गेलो की अंगणातच कपडे उतरवून अंघोळ करायचो आणि त्यांच्याशी दारातून बोलायचो. म्हणून शाळेतही मी माझी सोय करून घेतली. टेबल बाहेर, खिडकीला लावून. खिडकीला गज. मी यादीतलं नाव पुकारायचं, आतून हात बाहेर यायचा. मनगटावर ताप मोजायची बंदूक धरायची, बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावायचा, आकडा वाचायचा, लिहायचा, पुढचं नाव. माझी मान रजिस्टरात. वीस वर्षं हजेरी अशीच घेतलेली, मान वर करायची सवयच नाही.

हात मात्र मी पाहिले, कारण तेवढेच समोर यायचे. घट्टे पडलेले, काळवंडलेले, चिमट्याला आकडा दाखवायला वेळ लागेल असे निबर. डाव्या हातावर कोयत्याच्या खुणा. सगळ्याच हातांवर काही ना काही होतं, त्यामुळे कुणाचा कुठला ते लक्षात राहायचं नाही. आणि खरं सांगायचं तर मला लक्षात ठेवायचंही नव्हतं.

चार दिवस आकडे झकास आले. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. ग्रामसेवकाने फोटो मागवला आणि "रजिस्टर एक नंबर ठेवलंय सर" म्हणून अंगठा पाठवला. मी तो अंगठा दोनदा पाहिला.

पाचव्या दिवशी शेवटचं नाव अर्ध्या कोयत्याचं, त्या विधवा बाईचं. मी पुकारलं. हात आला. मी चिमटा लावणार तेवढ्यात खळकन् आवाज झाला. हातावर वर कोपरापर्यंत चढवून ठेवलेल्या बांगड्या मनगटावर घसरल्या होत्या. हिरव्या, काचेच्या.

आमच्याकडे विधवा बाई हिरवी काच घालत नाही. बदल व्हायला हवा वगैरे मी भाषणात म्हणतो, पण तिने घातल्या नसणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मान वर केली. मधल्या बोटाचं नख अर्धंच होतं. हेच अर्धं नख दोन नावांपूर्वी माझ्या चिमट्यात येऊन गेलं होतं.

"हे बोट कुणाचं आहे?" मी विचारलं.

हात तसाच गजात राहिला. मग मागे गेला.

मी असा तापलो की मास्क सारखा करायचंही भान राहिलं नाही. चार दिवसांत पहिल्यांदाच दार ढकलून आत गेलो. बायका उठून एका ओळीत उभ्या राहिल्या, पदर नाकावर, आणि कुणीच बाजूला होईना. त्यांच्यामागे, फळ्याखाली, ती भिंतीला टेकून बसली होती. डोळे उघडे. खांदे वरखाली होत होते आणि प्रत्येक श्वासाला गळ्याजवळ खड्डा पडत होता. माझ्या वडिलांमुळे तो खड्डा मला चांगला माहीत होता. मी चिमटा तिच्या बोटाला लावला. चौऱ्याऐंशी.

"का नाही सांगितलं?" मी ओरडलो.

अर्ध्या नखाची बाई पुढे आली. तिशीतली असेल, आजारी बाईची शेजारीण. ती शांतपणे म्हणाली, "सर, फडात आमी असंच करतोत. बाई आजारी पडली तर तिला मदल्या सरीत घेतेत. ह्या अंगाची थोडी तोडती, त्या अंगाची थोडी तोडती. मुकादमाला वाटतं तिघी बी तोडायल्यात. खाडा पडत न्हाई."

"हा फड आहे का? मी मुकादम आहे का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिची नजर मला अजून टोचते, कारण टेबल, यादी, दमाचा आवाज आणि चुकल्यावर सगळ्यांना शिक्षा, यात मुकादमाहून वेगळं मी काय ठेवलं होतं?

"मावशीच म्हनल्या," ती पुढे म्हणाली. "माज्या एकटीपायी समद्यांचे दिवस कशाला वाढवायचे. आन् न्हेलेलं मानूस वापस येत न्हाई, सर. लोक बोलतेत."

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडचा माणूस थकलेल्या आवाजात म्हणाला की सगळ्या गाड्या गेलेल्या आहेत, दुपारनंतर बघतो. डॉक्टरांना लावला. ते म्हणाले, दुपारपर्यंत थांबू नका, बीडलाच न्या. गावातल्या जीपवाल्याने आधी हो म्हटलं, मग पेशंट कसला ते ऐकून त्याची जीप बिघडली. शेवटी राहिली माझी मोटारसायकल.

मी किल्ली हातात घेऊन पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. वडील डोळ्यांसमोरून हलेनात. या बाईला पाठीशी घेऊन निघालो की आज मी घरी जाऊ शकत नाही. उद्याही नाही. तिला इथं ठेवलं, तर कागदावर माझं काहीच चुकत नव्हतं, रुग्णवाहिका येणारच होती. हे सगळं मी तिच्याकडे बघत मोजत होतो आणि ती श्वास मोजत होती.

अर्ध्या नखाची बाई म्हणाली, "मी मागं बसते. मदी घेऊ त्यान्ला."

तशीच ती बसली. पुढे मी, मधे मावशी, मागे ती. फडातल्या मधल्या सरीसारखीच. मागचीने दोन्ही हातांनी तिला आवळून माझा शर्ट धरला होता. मावशीचं कपाळ माझ्या पाठीवर टेकलं होतं आणि शर्टातून तिचा ताप मला लागत होता. नेकनूर ओस पडलेलं, शटरं खाली. आमच्या खोलीच्या गल्लीकडे मी पाहिलं नाही. मांजरसुंब्यापर्यंत तिचा श्वास ऐकू येत होता. घाट उतरताना वाऱ्यात तो ऐकू येईना. मी ओरडून विचारत राहिलो, "हाय का?" आणि मागून आवाज यायचा, "हाय, सर, चला." एकदा उत्तर यायला उशीर झाला. मी गाडी कडेला घ्यायला लागलो तेव्हा कुठे ते आलं.

पालीच्या अलीकडे पोलिसांनी रस्त्यात लोखंडी अडथळे लावले होते. एका गाडीवर तिघं बघून एक तरुण पोलीस काठी उगारून धावत आला. "कुटं बे? येड लागलं का?"

मी ड्यूटीचं कार्ड काढलं. कार्डावर एकाच माणसाचं नाव होतं. त्याने कार्ड पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं. तिची मान एका बाजूला पडली होती आणि ओठ निळसर झाले होते. तो दोन पावलं मागे सरकला. त्या मागे सरकण्याचा मला राग आला नाही, मी चार दिवस तेच करत होतो. त्याने अडथळा पायाने ढकलला आणि म्हणाला, "मला काय दिसलं न्हाई. निगा."

दवाखान्यात माणसं व्हरांड्यात, जिन्याखाली, झाडाखाली होती. आम्हाला एक बाक मिळाला. बऱ्याच वेळाने एक सिस्टर नखशिखांत पांढऱ्या पोशाखात आली आणि म्हणाली, "पेशंट कोण? बोट द्या."

मावशीने डोळे उघडले. शेजारच्या बाईचा हात धरला आणि त्या सिस्टरपुढे सरकवला. बोलायला तिला तीन श्वास लागले. "हिचं घ्या. हिचं चांगलं येतंय."

अर्ध्या नखाची बाई तिथं पहिल्यांदा रडली. सिस्टर गोंधळून उभी. मी मावशीचा हात माझ्या हातात घेतला. ती सोडवून घ्यायचा प्रयत्न करत होती, ताकद नव्हती तरी. मी तिची बोटं एकेक करून उघडली आणि एक बोट चिमट्यात धरून ठेवलं. चौऱ्याहत्तर आलं. सिस्टर धावली आणि परत आली ती नळी आणि मास्क घेऊनच.

त्या दिवसापासून मी शाळेतच झोपलो, कपाट आणि टेबलाच्या मधे. वडील फोनवर रागवायचे आणि रागवता रागवता खोकायचे. खोलीतल्या बायकांचे चौदा दिवस पुन्हा एकपासून सुरू झाले, तशी नोंद मीच केली. दोघींना ताप निघाला, पण त्या वेळेत निघाला, कारण आता मी टेबल आत नेलं होतं. बायका माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. मी त्यांना दोष देत नाही. रजिस्टरात मावशीच्या नावापुढे पहिल्या चार दिवसांचे आकडे होते तसेच राहिले. खोडले तर खालीवर विचारपूस झाली असती, आणि मी भित्रा माणूस आहे. तालुक्याचे साहेब रजिस्टर तपासायला आले, पानं उलटली, सही करून गेले.

मावशी वाचली. महिन्याभराने परत आली ती अर्धी होऊन, पण स्वतःच्या पायांनी उतरली. तोडीला मात्र पुन्हा जाणार नव्हती. पावसाळा संपत आला तेव्हा मी तिला भेटायला गेलो. बरेच दिवस टाळत होतो. दारात बसून ती भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. मला बघून तिने पोतं अंथरलं आणि आल्यागेल्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्या गुरुजीमुळं मी हाय."

तोंडावर स्तुती सोसेना, तेव्हा मी ठरवून आलेलं बोलून टाकलं. म्हणालो, "मावशी, चार दिवस तुमच्या नावावर मी दुसरीचे आकडे लिहिले. तुमचं तोंडही बघितलं नव्हतं."

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. शेंगा निवडायची थांबली नाही. "पयल्या दिवशी ताप अंगात घिऊनच मी खिडकीच्या म्होरं बसले व्हते. पोरीनं माज्या नावावर हात घातला तवा मी तुमच्याकडंच बगत व्हते. मला लई भ्या वाटायलं व्हतं, गुरुजी. म्हनलं, ह्यान्नी एकडाव मान वर करून माज्याकडं बगितलं, तर उटावं आन् आपलंच बोट द्यावं. चारी दिस वाट बगितली."

मग तिने मूठभर शेंगा माझ्यापुढे ठेवल्या. मी मान खाली घालून त्या फोडत बसलो.