हवालदाराची बोटीची तयारी

तुमच्या घराची दुसरी किल्ली कोणाकडे आहे? भावाकडे? शेजारणीकडे? की कोणाकडेच नाही, आणि ते सांगायची लाज वाटते? लाजू नका. चौकातल्या किल्लीवालीला विचारलंत तर ती सांगेल, माणसाचं खरं गणगोत दुसऱ्या किल्लीवरून कळतं, लग्नाच्या फोटोवरून नाही. तिच्या स्वतःच्या घराची दुसरी किल्ली धाकट्या बहिणीकडे होती. तिसरी नव्हतीच.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. चार पावलं लांब, दोन पावलं रुंद. किल्ली घट्ट धरायचा एक शेगडा, तीन कानशी, दात पाडायचं मशीन, आणि भिंतीभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. वडील गेले तेव्हा गिऱ्हाईक म्हणायचं, आता हे कोण चालवणार? तिने दुसऱ्या दिवशी शटर वर केलं आणि उत्तर दिलं. वडिलांचा फलक तसाच ठेवला. वरच्या ओळीत ‘किल्ल्या बनवून मिळतील’, खालच्या ओळीत ‘मालक हजर असल्याशिवाय कुलूप उघडले जाणार नाही’. या खालच्या ओळीवरून तिने भल्याभल्यांशी भांडणं केली.

“अहो बाई, माझंच घर आहे!”

“मग कागद आणा. नाहीतर बायको आणा.”

“बायकोनेच तर कुलूप घातलंय!”

“मग माझ्याकडे कशाला आलात? तिच्या पाया पडा.”

काउंटरखाली बसायचा हवालदार. हवालदार म्हणजे कुत्रा. तपकिरी, एक कान मोडलेला, येणाऱ्या प्रत्येकाकडे ‘काल कुठे होतात?’ अशा नजरेने बघणारा. अकरा वर्षांपूर्वी एका घरमालकाने तिला बंद खोली उघडायला नेलं. भाडेकरू सामानासकट पसार झाला होता, आणि हे पिल्लू आत ठेवून गेला होता. चार दिवस. दाराच्या आतल्या अंगाला, त्याचा पंजा पोचेल तिथवर, लाकडाचा भुसा झाला होता. घरमालक नाक दाबून म्हणाला, “याला बाहेर सोडा कुठेतरी.” ती त्याला पदरात बांधून घेऊन आली.

त्या दिवसापासून तिने त्याला कधी कुलपाआड एकटं ठेवलं नाही. एकदासुद्धा नाही. दवाखाना असो, कोणाचं लग्न असो, बँकेची रांग असो, हवालदार बरोबर. जिथे त्याला आत घेत नसत, तिथे ती दारातूनच बोलायची. जिथे रात्र काढावी लागेल तिथे जायचीच नाही. अठ्ठावन्न वर्षांची झाली, गावाला नुसती खाडी, समुद्र तिने कॅलेंडरवरच पाहिला होता.

आणि मग एका रविवारी धाकटीने विषय काढला.

धाकटी तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा शाळेत होती. तिची वेणी घालण्यापासून ती सरकारी कचेरीत कारकून होईपर्यंत सगळं मोठीनेच केलं. धाकटीचा नवरा, जावईबुवा, भला माणूस. तोंडात साखर, अंगात आळस. दर रविवारी सकाळी मोठी आणि हवालदार त्यांच्याकडे चहाला जात.

“ताई, तीन महिन्यांनी आपण बेटावर जायचं. चार दिवस. तू, मी आणि हे.”

“आणि हवालदार?”

“तोही.”

“तोही म्हणजे?”

“म्हणजे तोही! खोलीवाल्याशी बोललेय मी. चालतं म्हणाला. दारातच समुद्र आहे, म्हणाला, पळू दे त्याला.”

मोठीने ते तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा धाकटी वैतागली, “लिहून देऊ का आता?” तेव्हा मोठी हसली. तेवढं लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पण लिहिलं गेलं ते वेगळंच. धाकटीने एक वही काढली. “बोटवाल्यांचे नियम फार कडक असतात गं. सगळी तयारी हवी.” दर रविवारी ती एक नियम सांगायची आणि मोठी आपल्या वाकड्या अक्षरात उतरवून घ्यायची. लसीचा ताजा दाखला. तोंडाला जाळीचं मुसकं, सवयीचं. रोजच्या वापरातली चटई, न धुतलेली. गुडघ्यांच्या औषधाच्या वेळा. काय खातो, किती, केव्हा. एका रविवारी धाकटी म्हणाली, “कुठे हात लावलेला त्याला चालत नाही, तेही लिही.”

“बोटवाल्याला हे कशाला हवं?”

“अगं, गर्दीत कोणाचा धक्का लागला, हा चावला, म्हणजे?”

मोठीने लिहिलं. मागचा डावा पाय, मोडका कान. कुलपाच्या आत काय अडलंय ते नुसत्या खटक्यावरून ओळखणारी बाई ती. पण आपल्या माणसापुढे कान कोण टवकारून बसतं?

मुसक्याला तीन आठवडे लागले. हवालदाराला ते बिलकूल मंजूर नव्हतं. जाळीच्या टोकाला बिस्किटाचा तुकडा ठेवायचा, तो नाक घालायचा, तुकडा उचलायचा आणि मागे व्हायचा. मग दोन मोजेपर्यंत. मग दहा. गिऱ्हाईक खोळंबायचं, ती म्हणायची, “थांबा, आमचा अभ्यास चाललाय.”

एक गोष्ट मात्र वहीत नव्हती, ती तिच्याच डोक्यातून निघाली. बोट हलते. हवालदार घाबरला तर? शेजारच्या पंक्चरवाल्याकडे टायर वाहायची हातगाडी होती. तिने हवालदाराला त्यावर बसवलं आणि पंक्चरवाल्याला म्हणाली, “हलव.”

“अशी?”

“अशी नाही रे, तांदूळ पाखडतोयस का? लांब लांब. लाटेसारखी.”

“बाई, तुम्ही कधी बोटीत बसलात?”

“तू बसलास?”

“नाही.”

“मग हलव गुपचूप.”

आठवडाभर संध्याकाळी पाच वाजता चौकात हा तमाशा चालायचा. पोरंटोरं भोवती उभी राहून शिट्टी वाजवायची, बोट सुटायची. पहिल्या दिवशी हवालदाराने पंक्चरवाल्याच्या बाहीचा तुकडा काढला. सातव्या दिवशी तो गाडीवर पाय पसरून झोपला. किल्लीवालीने त्या दिवशी अख्ख्या चौकाला चहा पाजला.

डॉक्टरने लस टोचली, दाखला लिहिला, आणि विचारलं, “समुद्र बघून काय करेल हो हा?”

“आधी ओळखपत्र मागेल,” ती म्हणाली.

निघायच्या दिवशी अकराची बोट होती. नऊला धाकटी नवऱ्याला घेऊन घरी आली. “ताई, तू दुकानाचं आवरून ये. आम्ही थांबतो हवालदारापाशी.” एका म्हातारीच्या पेटीचं कुलूप दुरुस्त करून द्यायचं होतं, शटरवर ‘चार दिवस बंद’ची पाटी लावायची होती. ती पाटी लावताना पंक्चरवाला म्हणाला, “बाई, ही पाटी आजवर कधी बघितली नव्हती!” ती म्हणाली, “मीही नाही.”

परत आली तर धाकटी खाली रिक्षात बॅगा घेऊन बसलेली. हवालदार? “हे त्याला घेऊन पुढे गेलेत चालत. रिक्षात कुठे कोंबायचा त्याला.” मोठीला जावयाचं कौतुक वाटलं. आळशी माणूस, पण कुत्र्यासाठी चालला!

खाडीच्या धक्क्यावर जावईबुवा रेलिंगला टेकून उभे होते. हातात तिकिटं होती. दुसऱ्या हातात साखळी नव्हती.

“हवालदार कुठाय?”

ते बायकोकडे बघू लागले.

“मी तुम्हाला विचारतेय, जावईबुवा. कुत्रा कुठाय?”

“ताई, आधी बोटीत बसू. मग निवांत सांगतो.”

“आत्ता सांगा.”

“चांगल्या ठिकाणी आहे हो. प्राण्यांचं वसतिगृह आहे, पंखाबिंखा आहे. दोन वेळचं खाणं...” आणि पुरावा म्हणून त्या भल्या माणसाने खिशातून फॉर्मची प्रत काढून तिच्या हातात दिली.

ती सावकाश वाचते, पण वाचते. लसीचा दाखला: जोडला आहे. मुसक्याची सवय: आहे. स्वतःची चटई, न धुतलेली: आणली आहे. औषधाच्या वेळा. खाणं. अंगाला कुठे हात लावू नये: मागचा डावा पाय, मोडका कान. वहीतलाच क्रम, वहीतलेच शब्द. बोटीचे नियम नव्हतेच ते कधी. तीन महिने ती दर रविवारी चहा पीत, स्वतःच्या हाताने, हवालदाराला पिंजऱ्यात घालायचा फॉर्म भरत होती. वर जागा राखल्याची तारीख होती. तीही तीन महिन्यांपूर्वीची, त्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवसाची. आणि खाली ‘मालक’ लिहिलं होतं तिथे धाकटीची सही. गोल, सुबक. त्या सहीचं वळण मोठीनेच पाटीवर गिरवून घेतलं होतं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सुरीने कापलेलं निदान लगेच कळतं.

“खोलीवाला काय म्हणाला होता?” तिने विचारलं.

धाकटी रडवेली झाली. “नाहीच म्हणाला होता. सगळेच नाही म्हणतात गं. ताई, तू जन्मात कधी सुट्टी घेतली नाहीस. तुझ्यासाठीच केलं सगळं. खरं सांगितलं असतं तर आली असतीस का?”

“नसते आले.”

“बघ!”

“बघ काय? नाही म्हणायचा हक्क माझा होता. तो तू चोरलास.”

“एवढं काय झालं? चार दिवसांचा तर प्रश्न आहे.”

“चार दिवस काय असतात ते त्याला विचार.”

बोटीचा भोंगा झाला. जावईबुवा घड्याळ बघू लागले. लोक फळीवरून चढत होते. मोठीने आपली पिशवी उचलली आणि उलट्या दिशेने चालू लागली. मागून “ताई! ताई!” दोनदा आलं. तिसऱ्यांदा आलं नाही. बोट धरायची होती त्यांना.

वसतिगृह दोन बस बदलून, गोदामांच्या मागे होतं. रबरी बूट घातलेली एक तरुण मुलगी फरशी धूत होती. तिने फॉर्म बघितला आणि मान हलवली. “मावशी, यावर मालक म्हणून दुसऱ्या बाईंचं नाव आहे.”

“माझी बहीण आहे ती. कुत्रा माझा आहे.”

“असेल हो. पण ज्याने ठेवला त्याच्याच हातात परत द्यायचा, असा नियम आहे. उद्या कोणीही येऊन म्हणेल माझा आहे.”

तोंडाशी आलेली शिवी किल्लीवालीने गिळली. नियम चोख होता. तिच्याच दुकानावर टांगला होता.

“बघू तरी दे.”

शेवटून दुसरा पिंजरा. हवालदार कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. चटईवर नव्हे, चटई सोडून. तोंडाला मुसकं. तिने हाक मारली. मोडका कान हलला, मान वळली नाही.

पिंजऱ्याला कुलूप होतं ते पत्र्याचं, बाजारू. तिच्या केसातल्या आकड्याने दहा मोजायच्या आत उघडलं असतं. मुलगी बादली भरायला गेली होती, कोणी बघत नव्हतं. तिचा हात अंबाड्यापर्यंत गेला. चाळीस वर्षांत तिने मालकाशिवाय एक कुलूप उघडलं नव्हतं, आणि आज जगात पहिल्यांदाच कोणीतरी कागदावर लिहून ठेवलं होतं की मालक ती नाही. हात खाली आला. इतरांनी लबाडी केली म्हणून आपणही करायची, इतकी ती स्वस्त नव्हती.

ती ओल्या फरशीवर बसली, पिंजऱ्याला पाठ टेकून.

“मावशी, असं बसता येणार नाही इथे.”

“मी कुलूप उघडत नाही. पण उठतही नाही. तुझ्या नियमात बसायला मनाई आहे का? दाखव लिहिलेलं.”

मुलीने नियम शोधले. नव्हता.

मग ती मुलगी धाकटीला फोन लावत बसली. बोटीवर फोन लागत नव्हता. बारा वाजले, एक, दोन. मुलीने आपल्या डब्यातली अर्धी पोळी पुढे केली. हिने घेतली नाही, पण “खा तू, उपाशी काम करू नकोस” म्हणाली. तीन वाजता फोन लागला. मुलीने तो मोठ्या आवाजावर टाकला. मागे लाटा ऐकू येत होत्या.

“हॅलो? ताई आलीय का तिथे? तिला सांगा, अजून संध्याकाळची बोट आहे...”

“बाई, हा कुत्रा कोणाचा आहे तेवढं सांगा.”





“...ताईचा.”

“मोठ्याने बोला, वारा येतोय.”

“ताईचा आहे! देऊन टाका तिला!”

मुलीने कुलूप काढलं, दार सताड उघडलं, मुसकं सोडवलं. हवालदार बाहेर आला नाही. किल्लीवाली वाट बघून शेवटी स्वतःच आत गेली, वाकून, गुडघ्यांवर. त्याने तिच्या हाताचा वास घेतला. बराच वेळ घेतला, दुकानात आलेल्या परक्या माणसाचा घ्यायचा तसा. तेव्हा ती रडली. धक्क्यावर नव्हती रडली. कारण त्याच्या लेखी दगा देणारी कोण होती? बिस्किटं घालून मुसकं कोणी शिकवलं होतं? त्याला कोणत्या भाषेत समजावणार, की मलाही असंच शिकवलं होतं?

चार दिवसांनी धाकटी दुकानापुढे उभी राहिली. ऊन लागून नाक सोललेलं, हातात शिंपल्यांची पिशवी.

“अजून रागावलीस? एका कुत्र्यापायी?”

“कुत्र्यापायी नाही.”

“तुझ्या भल्यासाठीच केलं गं मी.”

“भलं करायचं तर तोंडावर करायचं. पाठीमागून करतात त्याला दुसरा शब्द आहे.”

धाकटी शिंपले काउंटरवर ठेवून गेली. आता किल्लीवाली रविवारीही दुकान उघडते. हवालदार काउंटरखाली बसत नाही. फुटपाथवर बसतो, तिच्यापासून दोन हात लांब, पळायला वाट मोकळी राहील अशा जागी. ती त्याला बोलावत नाही. म्हणते, त्याचं बरोबर आहे.

तुमच्याही घरात असं कोणीतरी असेल, ज्याच्या ‘नाही’ला घाबरून तुम्ही ‘हो हो’ म्हणत दिवस ढकलताय, आणि मनात स्वतःला शाबासकी देताय की हे त्याच्याच भल्यासाठी आहे. तर एवढं कराच. हा कागद खाली ठेवा, त्या माणसाकडे जा, आणि जे खरं आहे ते आजच्या आज तोंडावर सांगा. रागावेल. रागावू द्या.