विमलताईंचा बोर्ड

माणूस समोर उभा असला तरी विमलताई गजभिये फोनवर "पाहून सांगते" असंच म्हणायच्या. एकदा मी त्यांच्या टेबलाला टेकून चहा पीत होतो आणि माझ्यासाठीच फोन आला. त्यांनी पलीकडच्याला थांबायला सांगितलं, बोलायच्या भोंग्यावर तळहात ठेवला आणि मला विचारलं, "आहेस का गा तू?"

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. शहराच्या सदर भागातल्या एका तीन मजली इमारतीत मी जाहिरात संस्था काढली होती. संस्था म्हणजे एक खोली, एक टेबल आणि मी. तेव्हा टेलिफोनसाठी अर्ज केला की वाट पाहण्यातच उमेदीची वर्षं जात. आमच्या इमारतीत डॉक्टर होते, कापसाचे दलाल होते, छापखाना होता, पण लाइन एकच, मालकाची. शेवटी मालकाने कुठूनसा एक जुना स्विचबोर्ड आणून जिन्याच्या तोंडाशी बसवला, प्रत्येक खोलीत एकेक फोन दिला आणि बोर्डावर विमलताईंना नेमलं. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी त्यांच्याकडे यायचा. कोण हवं ते विचारायचं, त्या खोलीत कळवायचं आणि हो म्हटलं तर वायर खोचून जोडून द्यायचं, हे त्यांचं काम.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं की कुठल्याही फर्मचं नाव घेऊन त्या फोन उचलणार नाहीत आणि कोण आत आहे, कोण नाही, हेही सांगणार नाहीत. डॉक्टर कुरकुरले. विमलताई म्हणाल्या, "तुमच्या खोलीत कोण आहे ते तुम्ही सांगा ना साहेब. मी काहून सांगू?" फोनवर शाळेच्या बाईंसारखी शुद्ध भाषा आणि फोन ठेवला की ही अशी.

मला त्यांची शिस्त फार आवडली, कारण ती माझ्या फायद्याची होती. मी त्यांना सुचवलं की माझा फोन आला तर लगेच जोडू नका, जरा ताटकळू द्या, वजन वाढतं. त्या म्हणाल्या, "तुले कोणी फोनच नाही करून राहिला गा. थांबवू कोणाले?"

पण चहाच्या वेळी आलेला तो फोन माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचा होता. "कोणत्या कामासाठी? आपलं नाव? थांबा, पाहून सांगते," एवढं ऐकूनच ते हबकले आणि मुलाचा कारभार मोठा आहे असं घरी सांगून मोकळे झाले. विमलताईंनी खोटं एक अक्षर उच्चारलं नव्हतं. लग्नानंतर बायको पहिल्यांदा ऑफिसात आली, तिने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "बाकीचं ऑफिस कुठे आहे?"

छापखान्यात नलिनी नावाची टायपिस्ट होती. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून ती आईकडे राहत होती. नवरा रोज फोन करून नलिनी इथेच आहे ना, कोणत्या मजल्यावर बसते, असं खोदून विचारायचा. विमलताई त्याला तेच उत्तर द्यायच्या जे सगळ्यांना द्यायच्या, त्याच गोड आवाजात. मग एके दुपारी तो स्वतःच आला.

पुढचं मला छापखान्यातल्या लोकांनी सांगितलं. तो जिन्याकडे निघाला तेव्हा विमलताई म्हणाल्या, "निरोप असन तं मले सांगा. वर जाता येणार नाही." त्याने बोर्डावर हात आपटला. विमलताईंनी त्याच्यावरची नजर काढली नाही. बोलता बोलता त्या एकामागून एक वायरी खोचत गेल्या आणि इमारतीतले सगळे फोन एकदम घणघणू लागले. उचलले तर कोणी बोलेना, खालून आरडाओरडा मात्र ऐकू येत होता. डॉक्टर बाहेर आले, दलाल आले, छापखान्यातले शाईच्या हातांनी आले. जिना माणसांनी भरला. नवऱ्याने वर एकदा पाहिलं आणि तो निघून गेला. पुन्हा आला नाही.

मी मात्र त्या जिन्यात नव्हतो. माझा फोन वाजल्यावर मला वाटलं, आलं गिऱ्हाईक. खालचा गोंगाट आत नको म्हणून मी दार लावलं, घसा साफ केला, संस्थेचं पूर्ण नाव सांगितलं आणि पलीकडून कोणी बोलत नाही हे पाहून, मोठी पार्टी विचार करत असावी म्हणून, रिसीव्हर धरून अदबीने बसून राहिलो.

"सारे आले, तूच काहून नाही आला?" त्यांनी नंतर विचारलं. मी खरं कारण सांगितलं. नलिनी शेजारीच बसली होती. आधी ती हसली आणि मग विमलताई पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या.

पुढे घरोघर लाइनी आल्या, बोर्ड निघाला, विमलताई इंदोरा वस्तीतल्या आपल्या घरी बसल्या. त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी आणि नलिनी बरोबरच गेलो. बुद्धवंदना आटोपली होती. दाराशी महाल भागातले एक वयस्कर व्यापारी अवघडून उभे होते. ते म्हणाले, दलालांच्या कामासाठी वर्षानुवर्षं या बाईंशी फोनवर बोललो, कधी भेट नाही, म्हणून चेहरा पाहायला आलो. नलिनीने त्यांना हार घातलेल्या फोटोपाशी नेलं. त्यांनी वाकून पाहिलं.

"आवाजावरून मले वाटे, उंच असतीन," ते हळूच म्हणाले. "होत्या का?"

मी तो प्रश्न नलिनीकडे जोडून दिला. इतक्या वर्षांत मी त्यांना बोर्डासमोरून उठून उभं राहिलेलं क्वचितच पाहिलं होतं.