स्कॉलरशिपवाल्यांनी उभं राहा

शिक्क्याच्या शाईचा वास आला की मी अजून पारनेरच्या त्या वर्गात उभी असते. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. माझ्या जातीच्या दाखल्यावरचा शिक्का ओला होता, म्हणून मी कागद कडेने धरला होता.

"स्कॉलरशिपवाल्यांनी उभं राहा," फिजिक्सचे सर म्हणाले. उठले मी एकटीच.

"हिला काय, निम्म्या मार्कांत प्रोफेसर करतील. तुम्ही बसा घासत."

वर्ग हसला. चाचणीत मी पहिली होते आणि पेपर सरांनीच तपासला होता. तरी तास संपेपर्यंत त्यांनी मला 'बस' म्हटलं नाही.

यंदा, मी शिकवते त्या कॉलेजात, ॲडमिशनचे कागद तपासायला मी बसले होते. सर आले, नातीला घेऊन. त्यांनी मला ओळखलं नाही.

"मॅडम, आमचीपण जुनी नोंद सापडली. हिचं कोट्यातून होईल ना?"

"होईल की. तिचा हक्कच आहे. बस गं बाळा."

पोरगी बसली. मी एकेक कागद उलटसुलट करून, अगदी सावकाश तपासला. सर गुडघा चोळत उभे होते. दुसऱ्या खुर्चीवर माझी पर्स होती. ती मी उचलली नाही.