पाळीवरची खुर्ची

यशवंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखनीला पंक्चरवाल्याच्या दुकानापुढे उभा होतो. फोन आमच्या गावाहून, करडीहून, ढिवरांच्या मासेमार सोसायटीच्या मारोतीभाऊंचा. "गुरुजी, साहेब गेले नागपूरले, दवाखान्यात... आता तलावाचं कसं होईन?" मला रागच आला. माणूस गेला आणि याला तलाव सुचतो!

यशवंत माझा वर्गमित्र. मी गावातच मास्तर झालो. तो, बौद्ध शेतमजुराचा पोरगा, परराष्ट्र खात्यात गेला आणि आफ्रिकेतल्या एका देशात राजदूत झाला. निवृत्तीनंतर दिल्लीत न रमता करडीला परतला. तोवर आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला होता. "मी येईपर्यंत जिल्हाही वाटून घेतला का रे?" असं चिडवायचा.

गावात भांडण जुनंच. धान निसवायला, लोंबीवर आला की शेतकऱ्यांना तलावाचं पाणी हवं. पाणी फार उतरलं की ढिवरांची मासोळी मरते. पहिल्या वर्षी यशवंतने आपली विद्या लावली. दोन्ही बाजूंना वेगवेगळं घरी बोलावलं, यांचं म्हणणं त्यांना गोड करून सांगितलं. परदेशात याला मुत्सद्देगिरी म्हणतात, आमच्याकडे चुगली. भांडण विझायचं सोडून पेटलं. शेतकऱ्यांकडून बोलणारे शालिकभाऊ तोंडावर म्हणाले, "साहेब, इकडचं तिकडं काहून सांगून राहिले? जे बोलाचं ते पाळीवर बोला, सगळ्याईसमोर."

पुढच्या वर्षापासून तो तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, खुर्ची टाकून बसू लागला. त्याच्या बापाला त्या पाळीवर मालकांसमोर उभंच राहावं लागे. पाण्यातला एक दगड दोन्ही बाजूंनी मिळून खूण म्हणून ठरवला. पाणी त्या दगडापर्यंत उतरलं की यशवंत खुर्चीवरून उठायचा आणि शालिकभाऊ तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, बंद करायचे. बस, एवढंच. "इतके करार केले," तो एकदा म्हणाला, "पण पाळताना डोळ्यांनी पाहिला तो हाच."

यंदा पाणी सोडलं तेव्हा मी मुद्दाम पाळीवर गेलो. मारोतीभाऊंनी यशवंतच्या घरून खुर्ची आणून नेहमीच्या जागी ठेवली होती. सगळे उभे. पाणी दगडाला टेकलं. पाऊस लवकर गेल्यानं शालिकभाऊंच्या धानाला अजून एक पाणी लागणार होतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. आणि उठायला खुर्चीत कोणी नव्हतं... फोनवर मारोतीभाऊंनी काय विचारलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

शालिकभाऊंनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"उठले समजा साहेब," ते म्हणाले आणि तुडुम बंद करायला खाली उतरले.