मोकाशी बाईंचा गुरुवार

मोकाशी बाई गेल्या, आणि त्यांनी शिकवलेला तुकडा मी त्यांना एकदाही पूर्ण वाजवून दाखवला नाही.

आता लिहून काय उपयोग. तरी लिहितो.

बाई मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागात घरीच पियानो शिकवायच्या. माझी मुलगी त्यांच्याकडे जायची. मी दोनशे किलोमीटरवर सोहारच्या फॅक्टरीत मेंटेनन्सला, फॅमिली मस्कतला.

तेव्हा ओमानात सुट्टी गुरुवार-शुक्रवार असायची. दर गुरुवारी पाच वाजता मुलगी पियानोवर, मी सोफ्यावर, निम्मा झोपेत.

मुलगी कॉलेजला पुण्याला गेली. बायकोही तिच्यासोबत गेली. क्लास बंद करतो हे सांगायला गेलो, तर बाई म्हणाल्या, "शिर्के, चार वर्षं नुसते घोरलात. आता इकडे बसा."

पंचेचाळिसाव्या वर्षी बसलो. ग्रीसने काळी झालेली बोटं घेऊन.

वर्षभराने त्यांनी तो तुकडा दिला. शंभरेक वर्षांपूर्वीचा, हंगेरीतल्या खेड्यातल्या बायकांच्या गाण्यावरून रचलेला. एकच पान. दिसायला सोपा, पण मेला काही जमेना.

"तुम्ही मोजताय," बाई म्हणाल्या.

"मोजू नको तर काय करू? मशीनवाला माणूस मी."

"ही गाणारी बाई दिवसभर राबून आलीय, शिर्के. दमलेलं माणूस मोजून गातं का? तुमची आई काय गायची?"

आई भात लावताना गायची त्या दोन ओळी म्हटल्या. दुसरीला मोजायचं विसरलोच.

बाई म्हणाल्या, "हं. आता हेच वाजवा."

त्या दिवशी अर्धं पान वाजलं. खरंखुरं वाजलं.

मग सरकारने सुट्टी शुक्रवार-शनिवार केली. गुरुवारी ड्युटी. शुक्रवार-शनिवार बाईंचं घर परीक्षेच्या पोरांनी भरलेलं. फोनवर म्हणालो, "एखाद्या गुरुवारी हाफ डे टाकून येतो, बाई. इन्शाल्ला."

"या. गुरुवार तुमचाच."

मग फॅक्टरीत शटडाऊनची दुरुस्ती. मग नवा अर्बाब, म्हणजे साहेब. मग माझी कंबर. दर वेळी फोनवर माझं एकच, "अर्बाब सोडत नाही हो, बाई."

असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली.

काल बाईंच्या मिस्टरांनी फोनवर बातमी दिली. मग म्हणाले, "गुरुवारी पाचला ती कुणालाच घ्यायची नाही. पोरांच्या आया मागे लागायच्या. म्हणायची, शिर्क्यांची वेळ आहे ती."

आज गुरुवार.

सकाळी अर्बाबकडे गेलो. टीचर वारल्या, मस्कतला जायचंय म्हटलं. त्याने फाइलमधून मानसुद्धा वर केली नाही.

"यल्ला, गो."

एवढंच होतं ते.

दोन वर्षांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. दमलो होतो. उरलेलं अर्धं पान बसलं नव्हतं, त्याची लाज वाटत होती. नाव मात्र त्या बिचाऱ्याचं घेत राहिलो.

पाचला पोचलो. मिस्टर म्हणाले, "बसा ना."

पियानोचं स्टूल रिकामं होतं. मी सवयीने सोफ्यावर बसलो.

बाई, शिर्के आलाय. उशीर झाला. माफ करा.